जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा: एजन्सीकडून मिळालेले कागद अर्जात कसे वापरायचे

जर्मनीला मास्टर्ससाठी निघालेल्या मुलामुलींची फाईल उघडून पाहिली तर त्यातले निम्मे कागद दुसऱ्या कुणीतरी तयार केलेले असतात. मार्कशीट-पदव्या तपासणाऱ्या एपीएस या संस्थेचे सर्टिफिकेट दिल्लीहून आलेले असते. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे पहिल्या वर्षाचा खर्च अडकवून ठेवलेल्या खात्याचे, पत्र एखाद्या जर्मन कंपनीचे आणि विम्याचे पत्र तिच्याच पॅकेजमधून आलेले असते. कव्हर लेटर, सीव्ही, भाषांतरे हे सगळे पुण्या-नाशिकच्या कन्सल्टन्सीने करून दिलेले असते. घरच्यांना वाटते, पैसे भरले, कागद हातात आले, आता व्हिसा लागेलच. पण वकिलातीतला अधिकारी प्रत्येक कागदाकडे दोन प्रश्न घेऊन पाहतो: हा नक्की कुणी दिला, आणि बाकीच्या कागदांशी तो जुळतो का? अर्जावर सही विद्यार्थ्याची असते. म्हणून या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एजन्सीला नव्हे, विद्यार्थ्याला तोंडपाठ असली पाहिजेत.

इथे मी फक्त शिक्षणासाठीच्या नॅशनल व्हिसाबद्दल लिहितो आहे. जर्मन निवास कायद्याच्या कलम १६ बी खाली तो मिळतो, आणि महाराष्ट्र व गोव्यात राहणाऱ्यांचे अर्ज मुंबईतल्या जर्मन वकिलातीच्या अखत्यारीत येतात. ९० दिवसांपर्यंतच्या शेंगेन व्हिसाचे नियम वेगळे आहेत. दोन्हींची सरमिसळ हे एजन्सीच्या फाईलमधल्या अनेक चुकांचे मूळ असते. हॉटेलचे बुकिंग, परतीचे तिकीट, तीन महिन्यांचा प्रवास विमा ही सगळी पर्यटक व्हिसाची सवय आहे.

आधी कागदांचे तीन ढीग करा

घरी टेबलावर सगळे कागद पसरा आणि कुणी दिले त्याप्रमाणे वेगळे करा.

पहिल्या ढिगात एपीएस. ही जर्मन दूतावासाशी जोडलेली अधिकृत संस्था आहे, दिल्लीतून चालते आणि तुमच्या मार्कशीट, पदव्या खऱ्या आहेत की नाहीत ते तपासते. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना व्हिसाच्या अर्जासोबत हे सर्टिफिकेट जोडणे बंधनकारक झाले. फी १८,००० रुपये आहे आणि ती थेट एपीएसला भरायची असते. कोणतीही कन्सल्टन्सी ‘आमच्या ओळखीने लवकर काढून देतो’ म्हणत असेल तर तिथून उठून या. एपीएसकडे रांग असते आणि त्यात आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून प्रवेशपत्राची वाट न पाहता हे काम आधी सुरू करावे. बहुतेक विद्यापीठे आता प्रवेशाच्या अर्जातच एपीएस मागतात.

दुसऱ्या ढिगात सेवा देणाऱ्या कंपन्यांचे कागद. ब्लॉक्ड अकाउंटसाठी फिंटिबा, एक्स्पॅट्रिओ, कोराकल ही नावे तुम्ही ऐकली असतील. जर्मन परराष्ट्र खाते आपल्या संकेतस्थळावर अशा कंपन्यांची यादी देते. आरोग्य विम्यासाठी टेक्निकर क्रांकनकासे यांसारख्या संस्था असतात. या कागदांना पुरावा म्हणून किंमत आहे, कारण खाते किंवा विमा तुमच्या नावावर खरोखर उघडलेला असतो आणि तुम्ही स्वतः लॉगिन करून तो पाहू शकता.

तिसऱ्या ढिगात गावातल्या किंवा शहरातल्या खासगी कन्सल्टन्सीने दिलेले सगळे. इथे जरा कठोर व्हा. तिने बनवलेला सीव्ही, कव्हर लेटरचा मसुदा, कागदांची क्रमवारी ही मदत आहे आणि चांगली कन्सल्टन्सी ती नीट करते. पण लेटरहेडवरचे ‘प्रोफाईल इव्हॅल्युएशन सर्टिफिकेट’, ‘विद्यार्थी गुणवान असून आमच्यामार्फत प्रवेश निश्चित झाला आहे’ असे शिक्कामोर्तब केलेले पत्र, किंवा सीएकडून करून आणलेले मालमत्तेचे स्टेटमेंट हे वकिलातीच्या चेकलिस्टमध्ये नसेल तर फाईलमध्ये घालू नका. घराचे व्हॅल्युएशन आणि नेटवर्थचे कागद दुसऱ्या देशांच्या फाईलमधून इकडे वाहत येतात. जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंट दाखवले की आर्थिक पुरावा तिथेच पूर्ण होतो. जास्तीचा प्रत्येक कागद म्हणजे जुळवायला आणखी एक तारीख, आणखी एक सही, आणखी एक आकडा.

प्रवेशपत्र या तिन्ही ढिगांत बसत नाही. ते थेट विद्यापीठाकडून तुमच्या ईमेलवर किंवा विद्यापीठाच्या पोर्टलवर यायला हवे. युनि-असिस्ट ही बर्लिनची संस्था अनेक विद्यापीठांसाठी अर्जांची प्राथमिक छाननी करते. पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो घेते. पण तिचे छाननीचे पत्र म्हणजे प्रवेश नव्हे. कन्सल्टन्सीने व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवून ‘अॅडमिशन झाले’ म्हटले तर त्याच दिवशी विद्यापीठाच्या पोर्टलवर स्वतः जाऊन पाहा.

लॉगिन, ईमेल आणि फोन नंबर स्वतःच्या हातात घ्या

माझ्या मते ही सगळ्यात दुर्लक्षित पायरी आहे. अनेक कन्सल्टन्सी विद्यार्थ्याच्या नावाने नवा ईमेल उघडतात, पासवर्ड स्वतःकडे ठेवतात आणि एपीएस, युनि-असिस्ट, ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसा पोर्टल सगळीकडे तोच पत्ता देतात. त्यांना काम सोपे जाते. पण वकिलातीने जादा कागद मागवला तर ते पत्र तुम्हाला दिसतच नाही, आणि फीवरून वाद झाला तर तुमचीच कागदपत्रे अडकून पडतात.

म्हणून नोंदणीच्या दिवशीच सांगा: ईमेल माझा, मोबाईल नंबर माझा, पासवर्ड माझा. मदत हवी तेव्हा शेजारी बसून भरू. आधीच त्यांच्या ईमेलवर खाती उघडली असतील तर प्रत्येक ठिकाणी पत्ता बदलून घ्या आणि बदलल्याची खात्री करणारा संदेश जपून ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे, कारण तिथे तुमचे दहा-बारा लाख रुपये असणार आहेत.

मूळ कागद कन्सल्टन्सीकडे ठेवू नका. पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला, मूळ मार्कशीट यांचे स्वच्छ स्कॅन पुरेसे असतात. फीची पावती घ्या. त्यात कन्सल्टन्सीची स्वतःची फी आणि सरकारी किंवा संस्थांची फी वेगवेगळी लिहायला लावा. व्हिसा फी ७५ युरो आहे, एपीएसची फी वर दिलीच आहे. यावरून तुम्हाला कळेल की सांगितलेल्या रकमेतले किती पैसे कुठे जाणार. करार करताना प्रवेश न मिळाल्यास आणि व्हिसा नाकारल्यास काय परत मिळेल, ही दोन कलमे शोधून वाचा. काही खासगी कॉलेजे विद्यार्थी पाठवल्याबद्दल एजन्सीला कमिशन देतात. त्यामुळे तुमच्या मार्कांना सार्वजनिक विद्यापीठ मिळण्यासारखे असताना खासगी कॉलेजच सुचवले जात असेल तर कारण विचारायला लाजू नका. डाड ही जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्था अभ्यासक्रमांची माहिती आणि शोधयंत्र फुकट देते. कन्सल्टन्सीने दिलेली यादी तिथे पडताळता येते.

नाव: आपल्याकडच्या फाईलचा सगळ्यात मोठा घोळ

महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीच्या नावाचा वेगळा. कुणाच्या दुसऱ्या रकान्यात वडिलांचे नाव असते, कुणाच्या नसते. एजन्सीतला मुलगा घाईत मार्कशीट समोर ठेवून फॉर्म भरतो, आणि ब्लॉक्ड अकाउंटच्या पत्रावर आडनाव पहिल्या नावाच्या जागी, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी असे उलटसुलट छापून येते. आपण वाचताना नाव बरोबरच वाटते, कारण तिन्ही शब्द आपल्या ओळखीचे असतात. परदेशी अधिकाऱ्याला ती दोन वेगळी माणसे दिसतात.

नियम एकच ठेवा. जे कागद नव्याने तयार होणार आहेत, म्हणजे एपीएसचा अर्ज, ब्लॉक्ड अकाउंट, विमा, भाषेची परीक्षा, विद्यापीठाचा अर्ज, त्या सगळ्यांवर नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरन् अक्षर. पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या ज्या दोन ओळी असतात, त्यातली पहिली ओळ समोर ठेवून नाव भरले तर आडनाव कुठे संपते यात शंका राहत नाही.

जुन्या कागदांवरचे स्पेलिंग वेगळे असेल, एखादा ‘ए’ जास्त, ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’, तर लपवू नका. किरकोळ फरकासाठी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा आणि कव्हर लेटरमध्ये एका वाक्यात सांगा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह प्रमाणपत्र आणि असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राची प्रत सोबत ठेवावी.

पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण या सगळ्याच्या आधी करा. मध्येच नवा पासपोर्ट आला की नंबर बदलतो आणि जुन्या नंबरवर निघालेले ब्लॉक्ड अकाउंटचे पत्र व विम्याचे पत्र दोन्ही बदलून घ्यावे लागतात. ते शक्यच नसेल तर जुना रद्द केलेला पासपोर्ट अपॉइंटमेंटला सोबत न्या.

ब्लॉक्ड अकाउंट: पैसे कसे पाठवायचे आणि पत्र कसे वाचायचे

जर्मनीत पहिले वर्ष राहण्याइतके पैसे तुमच्याकडे आहेत, हे दाखवण्याची ही पद्धत. १ सप्टेंबर २०२४ पासून रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. त्याआधी ती ११,२०८ होती आणि त्याहीआधी १०,३३२. जुन्या बॅचच्या विद्यार्थ्याची फाईल नमुना म्हणून देणाऱ्या एजन्सीच्या कागदात जुना आकडा राहून गेलेला असू शकतो. अर्जाच्या दिवशी लागू असलेली रक्कम वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहूनच पैसे पाठवा.

पैसे पाठवताना चार गोष्टी पाहायच्या.

एक, पैसे कुणाच्या खात्यातून जाणार. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, त्यामुळे वडिलांच्या किंवा आईच्या खात्यातून पाठवायला हरकत नाही. बँकेत फॉर्म ए-२, पॅन, पासपोर्टची प्रत, प्रवेशपत्र आणि ब्लॉक्ड अकाउंट उघडल्याचा कागद लागतो. उद्देशाच्या रकान्यात परदेशातील शिक्षण असेच यायला हवे.

दोन, टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात एका व्यक्तीने पाठवलेल्या १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस नाही. त्यावरच्या रकमेवर बँक तो कापते. युरोचा भाव पाहता पूर्ण रक्कम एकाच पॅनवरून पाठवली तर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. मान्यताप्राप्त बँक किंवा वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस लागत नाही. कापलेला टीसीएस ज्याच्या पॅनवर कापला त्याला आयकर विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोपर्यंत ते पैसे अडकतात. घरात रोख हिशेब काटेकोर असेल तर हे आधी धरून चाला.

तीन, मधल्या बँकांचे शुल्क. परदेशी रक्कम जाताना वाटेतली बँक काही युरो कापून घेते आणि तिकडे ११,९०४ ऐवजी थोडे कमी पोचतात. मग खाते अपुरे दिसते, पत्र निघत नाही, आणि उरलेले वीस-तीस युरो पाठवायला पुन्हा सगळी कसरत. म्हणून बँकेत सर्व शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे, हा पर्याय निवडा. बँकेच्या भाषेत त्याला ‘अवर’ म्हणतात. शिवाय कंपनीची सुरुवातीची फी आणि थोडी जास्तीची रक्कम धरून पाठवा. जास्तीचे पैसे तिकडे गेल्यावर मिळतात.

चार, संदर्भ क्रमांक. कंपनीने दिलेला क्रमांक व्यवहाराच्या तपशिलात लिहायला बँकेला सांगा आणि स्विफ्ट कॉपी, म्हणजे परदेशी पैसे पाठवल्याची बँकेची पावती, मागून घ्या. पैसे अडकले तर शोधायला तोच धागा असतो.

पैसे पोचल्यावर कंपनी जे खात्रीपत्र देते, तेच व्हिसाच्या फाईलमध्ये जाते. खाते उघडल्याचे सुरुवातीचे पत्र त्याजागी चालत नाही. खात्रीपत्र आले की पासपोर्ट शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख, एकूण अडकवलेली रक्कम आणि महिन्याला काढता येणारी कमाल रक्कम एकेक करून वाचा. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे झालेले नाहीत ना, ते खास पाहा. पाच जुलै आणि सात मे यांची अदलाबदल पटकन होते आणि नजरेतून सुटते.

‘तुमच्याकडे पैसे नसले तरी आम्ही काही दिवसांसाठी खात्यात भरून पत्र काढून देतो’ अशी सोय कुणी सांगत असेल तर ती घेऊ नका. व्हिसा लागला तरी पहिल्याच महिन्यात ९९२ युरो मिळणार नाहीत, कारण पैसे तुमचे नव्हतेच. परक्या गावात भाड्याची तारीख जवळ येत असताना हे कळणे फार वाईट. खोटे पत्र सापडले तर त्याहून वाईट, कारण अर्जासोबत तुम्ही निवास कायद्याच्या कलम ५४ बद्दलच्या सूचनेवर सही केलेली असते. चुकीची किंवा अपुरी माहिती देणे हे देशाबाहेर काढण्याचे कारण होऊ शकते, हे वाचल्याची ती सही असते. एजन्सी त्या कागदावर कुठेच नसते. पैशांची खरी अडचण असेल तर शैक्षणिक कर्ज, शिष्यवृत्ती, किंवा जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकाने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन दिलेले खर्चाचे औपचारिक हमीपत्र हे रस्ते खरे आहेत. असे हमीपत्र देणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येते, म्हणून मामा-काकांना ते नीट समजावूनच मागा.

व्हिसा नाकारला गेला तर नकाराचे पत्र दाखवून पैसे परत मिळतात. सुरुवातीची फी मात्र सहसा जाते.

विमा: तारखांची फट

पॅकेजमध्ये दोन विमे येतात आणि पुष्कळ विद्यार्थ्यांना ते एकच वाटतात. जर्मनीतला सार्वजनिक विद्यार्थी विमा प्रवेश पक्का होऊन सत्र सुरू झाल्यावर लागू होतो. बहुतेक विद्यापीठांचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते, उपयोजित विद्यापीठांचे १ सप्टेंबरला. तुम्ही १२ सप्टेंबरला विमानात बसणार आणि विमा १ ऑक्टोबरपासून, तर मधल्या दिवसांचे काय? त्यासाठी दुसरा, म्हणजे आगमनापासून प्रवेशनोंदणीपर्यंतचा प्रवासी आरोग्य विमा असतो. फाईलमध्ये दोन्हींची पत्रे हवीत आणि प्रवासी विम्याची सुरुवात अर्जात लिहिलेल्या जर्मनीत पोचण्याच्या तारखेपासून हवी. अर्जात तारीख बदलली तर विम्याचीही बदला.

वयाची तिशी ओलांडलेल्यांना सार्वजनिक विद्यार्थी विम्याच्या सवलतीत सहसा बसता येत नाही. नोकरी करून मग शिकायला निघालेल्यांनी एजन्सीचे ठरावीक पॅकेज घेण्याआधी हे विचारावे, नाहीतर फाईलमध्ये असे पत्र लागते की ज्याचा तिकडे उपयोग नाही.

प्रेरणापत्र स्वतः लिहा

इथे मी कुठलीही तडजोड सुचवणार नाही. भाषा तपासायला, लांबी कमी करायला, क्रम लावायला कन्सल्टन्सीची मदत घ्या. मजकूर मात्र तुमचा हवा. ‘लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती, जर्मनी ही अभियांत्रिकीची भूमी आहे’ या वाक्यांनी सुरू होणारी पत्रे एकाच साच्यातून निघालेली असतात, आणि एकाच वकिलातीत तीच माणसे रोज तीच पत्रे वाचतात.

पत्रात कशाची उत्तरे हवीत? हाच अभ्यासक्रम का, आणि त्यातले कोणते विषय तुमच्या आधीच्या शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या पुढचे आहेत. हेच विद्यापीठ का. मेकॅनिकल करून डेटा सायन्सला जात असाल तर मधला दुवा काय. पदवीनंतर दोन वर्षे गेली असतील तर त्यात काय केले. एटीकेटी लागल्या असतील तर त्या मार्कशीटवर दिसतातच. त्याबद्दल सरळ दोन वाक्ये लिहिलीत तर वाचणाऱ्याचा प्रश्न मिटतो. जर्मन भाषा किती येते, अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी पुढे काय शिकणार आहात. पुण्याच्या किंवा मुंबईच्या मॅक्स म्यूलर भवनात ए-१, ए-२ या जर्मनच्या सुरुवातीच्या पातळ्या केल्या असतील तर ते लिहाच. आणि शिक्षण संपल्यावरचा विचार.

खोटा अनुभव दाखल्याच्या रूपात घालायचा मोह पडतो, कारण एजन्सीच्या ओळखीतली एखादी छोटी कंपनी असे पत्र देते. त्या कंपनीत तुम्ही काय केले, पगार कुठल्या खात्यात आला, हे कुणी विचारले तर? रिकामे सहा महिने प्रामाणिकपणे रिकामे लिहिलेले चालतात. आजारपण, घरची अडचण, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, ही खरी कारणे आहेत आणि ती समजू शकतात.

सीव्हीला हीच कसोटी लावा. पत्रातल्या तारखा, सीव्हीतल्या तारखा आणि मार्कशीटवरची वर्षे एकमेकांना छेद देत नाहीत ना, ते पाहा.

फाईल लावणे आणि एक संध्याकाळ उलटतपासणी

१ जानेवारी २०२५ पासून जगभरातल्या जर्मन व्हिसा कार्यालयांत नॅशनल व्हिसाचा अर्ज कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरण्याची सोय आली. कन्सल्टन्सीने भरून दिलेला अर्ज तसाच पाठवू नका. प्रत्येक रकाना स्वतः वाचा, विशेषतः पूर्वी कुठल्या देशाचा व्हिसा नाकारला गेला आहे का, हा प्रश्न. तिथे ‘नाही’ वर टिक करायची एजन्सीची सवय असते.

कागदांचा क्रम वकिलातीच्या ताज्या चेकलिस्टप्रमाणेच लावा, एजन्सीच्या जुन्या यादीप्रमाणे नव्हे. चेकलिस्टमध्ये जितके संच सांगितले असतील तितके करा आणि सगळे संच एकसारखे ठेवा. एका संचात जुने विम्याचे पत्र आणि दुसऱ्यात नवे, हा प्रकार झेरॉक्सच्या दुकानात घाईत होतो.

मग एका संध्याकाळी घरातले कुणीतरी समोर बसवा. एकाने पासपोर्ट धरायचा आणि नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याने प्रत्येक कागदावर बोट ठेवून ‘आहे’ म्हणायचे. त्यानंतर तारखा: सत्राची सुरुवात, प्रवासाची तारीख, विम्याची सुरुवात, अर्जात मागितलेला कालावधी. शेवटी रक्कम. आई-वडिलांना इंग्रजी फारसे येत नसले तरी हे काम ते उत्तम करतात, कारण त्यांची नजर सरावलेली नसते आणि ती अक्षर गाळत नाही.

अपॉइंटमेंटचा दिवस

अर्ज स्वीकारण्याचे काम व्हीएफएस ग्लोबल ही खासगी कंपनी करते. तिथला कर्मचारी कागद मोजतो, बोटांचे ठसे घेतो, फी घेतो. निर्णय त्याच्या हातात नाही. लाउंज, एसएमएस, कुरिअर या जादा सेवा ऐच्छिक आहेत आणि त्यांचा निकालाशी काही संबंध नाही. एखादा कागद नाही असे त्याने सांगितले आणि तो तुमच्या चेकलिस्टप्रमाणे लागत नसेल, तर छापील चेकलिस्ट दाखवून शांतपणे बोला. म्हणूनच तिची प्रत सोबत न्यायची.

नंतर वकिलातीकडून जादा कागदाची मागणी आली तर मुदतीच्या आत, स्वतःच्या ईमेलवरून, मागितलेलाच कागद पाठवा. कन्सल्टन्सीला उत्तराचा मसुदा जरूर दाखवा.

नकार आला तर

‘रिजेक्ट झाले तर फेरविचाराचे पत्र टाकू’ असे सांगणारी कन्सल्टन्सी जुन्या माहितीवर चालली आहे. जर्मन परराष्ट्र खात्याने व्हिसा नकारावरची फेरविचाराची पद्धत १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केली. आता दोनच वाटा आहेत: पुन्हा नवा अर्ज, नवी फी, नवी अपॉइंटमेंट, किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. दाव्याला वेळ लागतो आणि सत्र तोवर निघून जाते. पूर्वी चुकलेला कागद फेरविचारात सुधारता यायचा. ती सोय गेल्यामुळे पहिल्याच फाईलला आता इतके वजन आले आहे.

नवा अर्ज करायचा ठरवला तर नकाराच्या पत्रातले कारण शब्द न् शब्द वाचा. नुसते ब्लॉक्ड अकाउंटचे पत्र बदलून तेच प्रेरणापत्र पुन्हा पाठवण्यात अर्थ नसतो. विद्यापीठाला पत्र लिहून प्रवेश पुढच्या सत्राला ढकलता येतो का, ते लगेच विचारा.

नोकरीसाठी जाणाऱ्यांसाठी थोडेसे

नर्सिंग, वृद्धसेवा किंवा तांत्रिक कामासाठी नेणारी एजन्सी वेगळ्या कायद्याखाली येते. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणी लागते. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते आणि तो उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. शिक्षणाच्या कन्सल्टन्सीला ही नोंदणी नसते. एकच ऑफिस ‘आधी स्टुडंट म्हणून पाठवतो, मग नोकरी लावतो’ म्हणत असेल तर सावध व्हा.

तिकडे पोचल्यावर हेच कागद पुन्हा लागतात

हातातल्या बॅगेत मूळ प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचे खात्रीपत्र, दोन्ही विम्यांची पत्रे आणि मूळ मार्कशीट ठेवा. चेक-इनच्या बॅगेत नको.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची असते. त्यासाठी घरमालकाने सही केलेला ठरावीक नमुन्यातला कागद लागतो. खोली एजन्सीने शोधून दिली असेल तर घरमालक हा कागद देणार का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. तो मिळाला नाही तर नोंदणी अडते, आणि नोंदणीशिवाय पुढची बरीच कामे अडतात. नंतर जर्मन बँकेत चालू खाते उघडून त्याचा क्रमांक ब्लॉक्ड अकाउंटच्या कंपनीला कळवला की महिन्याचे ९९२ युरो सुरू होतात. पहिला हप्ता हातात यायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या महिन्याचे भाडे, डिपॉझिट आणि सत्रशुल्क यांसाठी वेगळे पैसे सोबत हवेत. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फीही भरावी लागते. स्टुटगार्ट, कार्ल्सरूहे, हायडेलबर्ग या शहरांत जाणाऱ्यांनी ती धरून चालावे.

सार्वजनिक विमा संस्था तुमच्या विम्याची खबर विद्यापीठाला थेट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवते. तुम्ही संस्थेला विद्यापीठाचे नाव बरोबर कळवले आहे ना, एवढे पाहा. व्हिसाची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करायचा. मोठ्या शहरांत तारीख मिळायला महिने लागतात, तेव्हा पत्त्याची नोंदणी झाली की त्याच आठवड्यात तारीख मागा. तिथे प्रवेशनोंदणीचा दाखला, विमा आणि आर्थिक पुरावा पुन्हा तपासतात. परवाना वाढवतानाही पुढच्या काळासाठी पैशांची सोय दाखवावी लागते. ब्लॉक्ड अकाउंट पुन्हा भरायचे असेल तर त्याचे लॉगिन, जुना भारतीय मोबाईल नंबर आणि घरच्या बँकेतली स्विफ्ट कॉपी तोवर चालू आणि हाताशी ठेवा. ओटीपी येणारे सिम बंद पडले तर खात्यात शिरायला पुन्हा ओळख पटवून द्यावी लागते.